उघडून ठेवलेली पाकिटं

१

गाद्यांच्या कपाटात, जुन्या रजईच्या घडीत, पाकिटांचा गठ्ठा सापडला. खाली बँकेची पाकिटं, मग बँकेच्या वकिलाची, आणि सगळ्यांत वर न्यायालयाचं समन्स. क्रेडिट कार्डाची थकबाकी, थकबाकीवर व्याज, त्यावर दंड, दंडावर पुन्हा व्याज. मुदतीत लेखी उत्तर दिलं नाही तर निकाल एकतर्फी लागणार होता, आणि मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती.

गठ्ठा घेऊन त्या घरातली मुलगी माझ्या वकिलीच्या ऑफिसात आली. ती दुसऱ्या गावात गाणं शिकवते. सुट्टीला वडिलांकडे आली होती आणि रजयांना ऊन द्यावं म्हणून तिनं कपाट उघडलं होतं. मेलेलं पाखरू ठेवावं तसा तिनं तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे बाबांनी लपवलंय. का, ते सांगत नाहीत."

मी एकेक पाकीट हातात घेतलं. एकही वेडंवाकडं फाडलेलं नव्हतं. सगळी सुरीनं, एका रेषेत उघडलेली. आतला कागद पुन्हा मूळच्या घड्यांवर मिटून ठेवलेला. मला जरा नवल वाटलं. बिलांना तोंड चुकवणारा माणूस पाकीट उघडतच नाही. उघडलंच तर फेकून देतो. इथं कुणीतरी प्रत्येक पत्र उघडून पाहिलं होतं आणि जपून ठेवलं होतं.

वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांचा उजवा खांदा चौकटीवर आपटला.

"दार अरुंद आहे तुमचं," ते म्हणाले.

दार अरुंद नाही. माझ्यासारखी भारदस्त बाई त्यातून रोज ये-जा करते.

स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, पांढरे केस नीट विंचरलेले. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता त्यांना तिथं 'वेलांटी' हे नाव पडलं, आणि गल्लीतली पोरंही त्यांना वेलांटीकाकाच म्हणायची.

"देणं माझं आहे," ते म्हणाले. "कबूल म्हणून लिहा आणि भरून टाका."

"काका, तसं करता येईल. पण दाव्यात म्हटलंय की तुम्ही जाणूनबुजून, फसवायच्या हेतूनं पैसे बुडवलेत. तेही कबूल?"

"तेही."

"बाबा!" मुलगी ओरडली. "जन्मात कुणाचा छदाम ठेवला नाहीत तुम्ही!"

"माणूस बिघडतो म्हातारपणी," असं म्हणून ते उठले. ह्या खेपेला चौकट टाळून, हातानं चाचपत बाहेर गेले.

मुलीनं पर्समधून पासबुक काढून माझ्यापुढे धरलं. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होत होती. सगळं कर्ज फेडून वर सहज उरेल एवढी शिल्लक होती.

"म्हणजे पैसे नव्हते असं नाही," ती म्हणाली. "ते कुणाला तरी पाठीशी घालताहेत. माझ्या धाकट्या भावाला. त्याचं नाव उत्तरात घाला, मॅडम. नाहीतर मी सरळ पोलिसांत जाते."

२

त्या दुपारी मी दाव्याला जोडलेला खर्चाचा उतारा घेऊन बसले. वकिलीत मी एक गोष्ट शिकले आहे. माणूस खोटं बोलतो, कधी कधी कागदही बोलतो, पण दोघं एकच खोटं क्वचितच बोलतात.

कार्ड चोरीला गेलं की खर्च उड्या मारतो. इथं तसं काहीच नव्हतं. किराणा, वीज, औषधांचं दुकान. पूर्वी होतं तेच, तेवढंच. खर्च बदललाच नव्हता. बदललं होतं ते भरणं. वर्षानुवर्षं प्रत्येक बिल मुदतीच्या आत भरलेलं, आणि मग एका महिन्यापासून काहीच नाही. बटण बंद करावं तसं.

मुलीला फोन करून विचारलं, "तुमची आई कधी गेली?"

तिनं तारीख सांगितली. मग म्हणाली, "मलाही आधी तेच वाटलं होतं. आई गेली, बाबांचं लक्ष उडालं."

मी उताऱ्याकडे पाहिलं. भरणं थांबलं होतं ते आई गेल्यावर नाही. ती जाण्याच्या आदल्या महिन्यात.

उताऱ्यात एकच नोंद वेगळी होती, आणि मुलीचा संशय तिच्यावरच होता. धाकट्याच्या विजेच्या सामानाच्या दुकानात कार्डावरून केलेली खरेदी. मी त्या दुकानात गेले. पंखे, दिवे, वायरींची वेटोळी, आणि त्या सगळ्यांच्या मधे एक थकलेला माणूस.

"ताईनं पाठवलं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "एकदा मी बाबांकडून धंद्यासाठी पैसे घेतले आणि परत करायला उशीर केला. तेव्हापासून घरात चमचा हरवला तरी तिची नजर माझ्याकडेच जाते."

"कार्ड इथं वापरलं गेलंय."

"बाबांनी रेडिओ नेला. मी म्हटलं, असाच न्या. तर नाही, पैसे देणारच." तो कसनुसा हसला. "मला खरं तर धक्काच बसला होता. रेडिओचा त्यांना तिटकारा. 'बातमी वाचायची असते, तिच्याकडून कानाखाली वाजवून घ्यायची नसते,' असं म्हणायचे. आणि मग स्वतःच मागायला आले. मोठी बटणं असलेला हवा म्हणाले. जाताना काचेच्या दारावर आपटले. मी धावलो, तर माझ्यावरच खेकसले."

"कोणत्या बाजूनं आपटले?"

त्यानं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं आणि मग आपल्या उजव्या खांद्याला हात लावला.

"ते पेपर वाचतात का अजून?" मी विचारलं.

"वाचतात म्हणजे काय! रोज सकाळी दोन तास. तो रेडिओ शेजारी लावून."

मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "मॅडम, आईच्या शेवटच्या आजारात घरी एक नर्सबाई होती. ती मधेच काम सोडून गेली. कार्डाचं तिला माहीत असेल."

३

नर्सबाई आता दुसऱ्या एका घरी, दुसऱ्या एका आजाऱ्याच्या उशाशी होती. ती जिन्यात येऊन बोलली. कार्ड म्हणताच तिचा चेहरा कडक झाला.

"मी गरीब आहे, चोर नाही."

"मी तसं म्हणत नाही. घरात कसं चालायचं, एवढंच सांगा."

ती पायरीवर टेकली. आधी जपून बोलली, मग भडाभडा. "काका फार चांगले हो. बाईंचं सगळं स्वतः करायचे. मला हसू यायचं त्यांचं. बाई पलंगावर झोपलेल्या आणि काका बिलं घेऊन उशाशी बसलेले. बाई वाचून दाखवणार, 'वीज एवढी, बँकेचे एवढे,' आणि काका चेक लिहिणार. औषधांचंही तसंच. काका एकेक बाटली उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरणार, त्या म्हणणार, 'ही सकाळची, ही रात्रीची.' आजारी बाई स्वतःचीच नर्स! मला वाटायचं, म्हातारपणीचं प्रेम असतं असं. आपण आपली मान फिरवावी."

"आणि मग?"

"मग बाईंची वाचाच गेली. डोळेसुद्धा उघडेनात धड. काका मला बाटल्यांवरची नावं विचारायला लागले. चष्मा फुटलाय म्हणाले."

"फुटला होता?"

"डोळ्यांवर तर असायचा." तिनं पदर सावरला. "माझी आई पडली म्हणून मला गावी जावं लागलं. निघताना काका म्हणाले, बाटल्यांना दोरे बांधून जा. लाल सकाळचा, पांढरा रात्रीचा. मी बांधले."

"तुमच्यानंतर कोण आलं?"

"कुणीच नाही. काका म्हणाले, मी करीन."

"बाई त्यानंतर किती जगल्या?"

"महिनाभर." ती बोलता बोलता थांबली. "पण त्या बाटल्या तर आठवडाभरातच संपणार होत्या. नव्या आल्या असतील, त्यांना दोरे कुणी..."

ती उठून उभी राहिली. तिचा हात तोंडावर गेला होता.

४

मला खात्री करून घ्यायची होती, आणि त्यासाठी मी जे केलं ते फार सभ्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी घरी नसताना, मी काकांकडे गेले. टेबलावर घडी न मोडलेला पेपर होता आणि रेडिओ चालू होता. त्यांनी चहा केला. मी त्यांचा कप त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला. ते बोलत राहिले. चहा गार झाला तरी कप त्यांना दिसला नाही.

मग मी पिशवीतून कागद काढले. "काका, उत्तराचा मसुदा. तुमच्या नजरेखालून गेला की दाखल करू."

त्यांनी चष्मा पुसला. पहिलं पान समोर धरलं, ओळींवरून संथ नजर फिरवली, पान उलटलं. दुसरं, तिसरं. मधेच भुवई उंचावली, मान डोलावली. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय बारकाईनं वाचतोय हा माणूस.

"छान झालाय," ते म्हणाले. "एक-दोन ठिकाणी शुद्धलेखन ढिलं आहे. पण चालेल."

खाली त्यांनी सही केली. सुंदर, वळणदार सही.

मी ते कागद त्यांच्या हातून काढून घेतले.

"काका, हा दुसऱ्या एका बाईचा घटस्फोटाचा अर्ज आहे."

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. काकांनी हात लांबवून तो बंद केला.

"केव्हा ओळखलंत?"

"उशिरा," मी म्हणाले. "तुमच्याकडे पैसे होते, म्हणजे गरज नव्हती. खर्च वाढला नव्हता, म्हणजे चोरी नव्हती. पत्नी जाण्याआधीच भरणं थांबलं होतं, म्हणजे ते दुःखानंही नव्हतं. ते थांबलं त्यांची वाचा गेली त्या महिन्यात. बिल तुम्ही नाही, त्या वाचत होत्या. पत्रं तुम्ही प्रत्येक वेळी उघडलीत, कदाचित आज वाचता येईल म्हणून. आणि उजव्या बाजूचं तुम्हाला दिसत नाही. दार, काच, हा कप."

त्यांनी मान वळवून कपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एका सकाळी पेपर उघडला," ते म्हणाले, "तर सगळी अक्षरं परकी. काळ्या मुंग्या. आधी वाटलं, छापखान्यात घोळ झाला. मग पाटीवर, डब्यांवर, सगळीकडे तेच. हिला सांगितलं. ती म्हणाली, मी आहे ना. झालं." ते हसले, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "गंमत बघा, लिहिता येतं. आत्ता म्हणाल ते लिहून देतो. लिहिलेलं वाचता येत नाही. स्वतःचंसुद्धा."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"मुलांना का नाही सांगितलं? लाज?"

"लाज होती. सुरुवातीला तेवढीच होती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण ही गेल्यावर सांगायची सोयच उरली नाही. बाई, मला वाचता येत नाही म्हटल्यावर पोरं पहिला प्रश्न कोणता विचारतील?"

त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

"नव्या बाटल्या आल्या. दोन्ही सारख्या. तपकिरी काच, पांढरं झाकण. मी वास घेऊन पाहिला, चव घेऊन पाहिली. दुकानदाराला विचारावं म्हणून पायरीपर्यंत गेलो. तिथं गल्लीतली ओळखीची चार माणसं उभी होती. वेलांटीकाका, बाटलीवरचं नाव विचारतायत! मी परत आलो. अंदाजानं दोरे बांधले." त्यांनी हाताचे दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले. "बरोबर बांधले की उलटे, ते मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. फसवणूक कबूल म्हणून लिहा, बाई. त्यापेक्षा ती बरी."

"तुमची मुलगी धाकट्याविरुद्ध पोलिसांत जायला निघाली आहे," मी म्हणाले.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

५

त्यांनी सांगितलं ते माझ्याच ऑफिसात, दोघं मुलं समोर बसलेली असताना. धाकट्यानं अर्ध्यातच तोंड ओंजळीत धरलं. "बाबा, दारावर आपटलात तेव्हा तरी सांगायचंत. मी रागावून बसलो होतो तुमच्यावर, तुम्ही खेकसलात म्हणून."

मुलगी रडली नाही. ती ताठ बसून होती. वडिलांचं बोलून झालं तेव्हा तिनं एकच विचारलं.

"शेवटच्या महिन्यात मी रोज फोन करत होते. रोज विचारत होते, औषधं वेळेवर दिलीत ना? तुम्ही म्हणायचात, हो."

"वेळेवर दिली, पोरी. वेळेवर दिली."

ती उठली. भावाच्या खुर्चीमागून जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संशयाची माफी तेवढीच. वडिलांकडे न बघता ती बाहेर गेली आणि त्याच संध्याकाळी आपल्या गावी परतली.

पुढचं काम सोपं होतं. डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठणठणीत होते. मेंदूच्या मागच्या बाजूला कधीतरी रक्त पोचलं नव्हतं आणि वाचण्याची वाट आणि उजवीकडची नजर तेवढी बुजली होती. दाखला मिळाला. मी मुदतीच्या आत उत्तर दाखल केलं: खर्च कबूल, मुद्दल कबूल, फसवणुकीचा हेतू साफ नाकबूल, आणि कारण हे. बँकेच्या वकिलानं दाखला दोनदा वाचला आणि स्वतःहून तडजोडीचं बोलणं काढलं. दंड आणि चढवलेलं व्याज सोडलं, मुद्दल भरलं, दावा निकाली.

धाकटा आता दुकान उघडण्याआधी रोज वडिलांकडे जायचा आणि पेपर वाचून दाखवायचा. "त्याचे उच्चार भयंकर आहेत," काका मला म्हणाले. "पण वाचतो बिचारा." मुलीचा फोन येत नव्हता. त्यांनी केलेला ती उचलत नव्हती.

६

शेवटची पावती आली त्या दिवशी मी काकांना सहीसाठी बोलावलं होतं. धाकटा त्यांना सोडून दुकानात गेला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मी दार उघडलं तर मुलगी उभी होती. फार वाळली होती.

"घरी गेले होते. शेजारच्यांनी सांगितलं, इथं आहेत." ती हळू आवाजात म्हणाली. "आईच्या डॉक्टरांना भेटून आलेय. त्यांनी सगळे कागद काढले."

"काय म्हणाले?"

"सांगता येत नाही म्हणाले. आजार तर न्यायलाच आला होता. पण बाटल्या उलटसुलट झाल्या असतील तर थोडं अलीकडे आलं असेल. नसतील तर नाही. आता बाटल्या नाहीत, काही नाही. सांगता येत नाही." तिनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मॅडम, एवढे दिवस मी त्यांच्यावर चिडले होते. आज दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एकदम दिसलं, ते रोज रात्री ह्याच्यासोबत झोपतात. सांगता येत नाही, ह्याच्यासोबत."

ती आत गेली. काकांनी पावलांवरूनच ओळखलं. उठायला लागले, पण तिनं त्यांना बसवलं. मग टेबलावरचा सगळ्यांत वरचा कागद तिनं उचलला.

"बाबा, आईच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. वाचू?"

तिनं कागद समोर धरला.

"'रुग्णाचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला होता. औषधांच्या वेळांमुळे त्यात काही फरक पडला नाही. घरच्यांनी सेवेत कसूर केली नाही.'"

काकांनी मान तिरकी करून कान तिच्याकडे केला.

"पुन्हा वाच," काका म्हणाले.

तिनं कागद पुन्हा वर धरला. "'रुग्णाचा आजार मुळातच बरा होण्यासारखा नव्हता. औषधांचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही. घरच्यांनी सेवेत कुठेही कसूर केली नाही.'"

छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की थांबायचं. ह्या माणसाचं आयुष्य त्यात गेलं होतं. दुसऱ्या वाचनात पहिल्याच वाक्यापाशी त्यांच्या भुवया हलल्या. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हातारा बोलणार.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

त्यांनी हात पुढे केला. तिनं कागद त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि मग ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून जी रडली, ते मी पाहिलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.

तो कागद म्हणजे बँकेची पावती होती. मला ती फाइलला लावायची होती. मी दुसऱ्या दिवशी बँकेकडून नवी प्रत मागवली.